कल्पनेतला ग्रह आणि स्वारगेटचा पाऊस

जुलै महिन्यात स्वारगेटहून महाबळेश्वरच्या एसटीत बसले, की सुमारे सव्वाशे किलोमीटरांच्या प्रवासात आपण एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जातो. पुण्याला वर्षभरात सरासरी सातशे ते साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पाच हजार मिलीमीटरहून अधिक. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर गवत, काटेरी झुडपे आणि उन्हाळ्यात पाने गाळणारी झाडे आहेत. पसरणी घाट चढून पुढे गेले, की अंजनी, जांभूळ, पिसा अशा बारमाही हिरव्या झाडांचे रान लागते. दोन्ही गावांचा अक्षांश जवळजवळ सारखा. वरचा सूर्य तोच आणि अरबी समुद्रावरून येणारा वाराही तोच. महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे आणि पुणे त्याच्या पलीकडे पर्जन्यछायेत आहे, एवढाच फरक. डोंगराची एक रांग मध्ये आली आणि पाऊस, माती, झाडे, पिके, घरांची छपरे असे सगळेच बदलले.

आता समजा, नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने विज्ञानकथा लिहिली. तिच्यात एक परका ग्रह आहे. आकाशात दोन सूर्य, जमिनीवर निळे गवत आणि सहा पायांचे प्राणी. अशा कथेला आपण बहुधा 'कल्पना छान आहे' एवढा शेरा देतो. त्याऐवजी 'तिथे पाऊस कोठून येतो?' असे विचारले तर? हा प्रश्न गेली चारशे वर्षे फार मोठ्या माणसांनी विचारला आहे आणि त्याच्या उत्तरांना एक इतिहास आहे. त्या इतिहासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : ग्रहावरची एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवता येत नाहीत. ज्यांनी हे ध्यानात ठेवले त्यांचे काल्पनिक ग्रह आजही शिकवून जातात. ज्यांनी आपल्या इच्छेला पुढे जाऊ दिले त्यांचे ग्रह मोडीत निघाले.

केप्लरचा चंद्र

योहानेस केप्लरने १६०९ च्या सुमारास 'सोम्नियम', म्हणजे 'स्वप्न', नावाची एक कथा लिहिली. तिचे बीज त्याच्या विद्यार्थिदशेतले होते. चंद्रावरून आकाश कसे दिसेल, हा त्याचा मूळ प्रश्न. पृथ्वी फिरते हे लोकांच्या गळी उतरवायचे, तर त्यांना पृथ्वीबाहेर नेऊन उभे केले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. चंद्राची एकच बाजू पृथ्वीकडे असते. त्यामुळे या बाजूच्या रहिवाशांना पृथ्वी आकाशात एका जागी टांगल्यासारखी दिसणार आणि पलीकडच्यांना ती कधीच दिसणार नाही. तिथला दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा आणि रात्रही तेवढीच.

केप्लर इथे थांबला नाही, हे त्याचे मोठेपण. दिवस एवढा लांब झाला, तर ऊन किती चढेल आणि रात्री थंडी किती पडेल? अशा ठिकाणी जगायचे तर प्राणी कसे हवेत? त्याने चंद्रावर सच्छिद्र जमीन आणि गुहा कल्पिल्या, कारण उन्हापासून आडोसा लागणार. पलीकडच्या बाजूचे प्राणी त्याने भटके केले, कारण पाणी एका जागी राहणार नाही. कोणी लांब पायांनी, कोणी पंखांनी, तर कोणी होड्यांतून पाण्याच्या मागे जातात. चंद्रावर पाणी आणि हवा आहे, हा त्याचा समज चुकीचा होता. पण दिवसरात्रीच्या तापमानातल्या भयंकर फरकाचा तर्क बरोबर निघाला : चंद्राच्या विषुववृत्तावर दिवसा सुमारे १२० अंश सेल्सिअस आणि रात्री उणे १३० अंश असे तापमान असते.

या कल्पनेची किंमत मात्र त्याच्या घराला मोजावी लागली. कथेतल्या नायकाची आई जडीबुटी विकणारी आणि भुताखेतांशी बोलणारी आहे. हस्तलिखिताच्या प्रती छापण्याआधीच हातोहात फिरल्या. १६१५ मध्ये केप्लरची आई कॅथरिना हिच्यावर चेटकीण असल्याचा आरोप झाला आणि पुढे ती चौदा महिने कैदेत राहिली. गावातली भांडणे हे आरोपाचे जवळचे कारण होते, पण आपल्या कथेने अफवांना खतपाणी मिळाले असावे, असे केप्लरला वाटत राहिले. त्याने स्वतः तिच्या बचावाचे काम केले आणि १६२१ मध्ये ती सुटली. त्यानंतर त्याने त्या छोट्या कथेला २२३ टिपा जोडल्या. प्रत्येक कल्पनेमागचे शास्त्र त्यांत उलगडून सांगितले आहे. पुस्तक १६३४ मध्ये, केप्लरच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. कथा एका बाजूला आणि तिचा हिशेब दुसऱ्या बाजूला, अशी ही पहिली रचना म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या जातीचे पाणी

डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन हा उपग्रह शोधला. त्याचे 'कॉस्मोथिओरॉस' हे पुस्तकही मृत्यूनंतर, १६९८ मध्ये निघाले. इतर ग्रहांवर वनस्पती आणि प्राणी असतील का, याची त्यात चर्चा आहे. हायगेन्सची अडचण साधी होती. जीव म्हटला की पाणी आले. पण गुरू आणि शनी सूर्यापासून इतके दूर आहेत, की आपले पाणी तिथे गोठून दगड होईल. तेव्हा तिथले 'पाणी' तिथल्या थंडीत न गोठणारे, वेगळ्या जातीचे असले पाहिजे, असे त्याने लिहिले.

हे विधान बराच काळ निव्वळ कल्पना वाटले असेल. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्सचेच नाव दिलेले यान टायटनवर उतरले. तिथे तापमान सुमारे उणे १८० अंश आहे. द्रवाने वाहून गुळगुळीत झालेले गोटे आणि प्रवाहांनी कोरलेल्या वाटा छायाचित्रांत दिसल्या. टायटनवर मिथेनचे ढग, मिथेनचा पाऊस आणि मिथेन-इथेनची सरोवरे आहेत. जीव मात्र अद्याप कोणाला सापडलेला नाही.

मंगळाचे कालवे

याच्या उलट उदाहरण पर्सिव्हल लोवेलचे. इटलीच्या शियापारेल्लीने १८७७ मध्ये मंगळावर काही रेषा पाहिल्या होत्या. श्रीमंत अमेरिकन लोवेलने १८९४ मध्ये ॲरिझोनात वेधशाळा उभारली आणि त्या रेषा म्हणजे कालवे आहेत, असे प्रतिपादन केले. मंगळ वाळत चालला आहे, तिथल्या बुद्धिमान रहिवाशांनी ध्रुवावरच्या बर्फाचे पाणी शेतीसाठी आणले आहे, अशी ती कथा. कथा म्हणून ती फार आकर्षक होती. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी शहराच्या मधून वाहताना पाहणाऱ्या पुणेकरालाही ती चटकन पटली असती.

तिचा हिशेब आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी तपासला. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनबरोबर मांडणारे हेच ते वॉलेस. १९०७ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'मंगळ राहण्यायोग्य आहे काय?' या अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक लिहिले. विरळ हवेच्या आणि सूर्यापासून दूर असलेल्या या ग्रहाचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली असणार, म्हणजे पाणी वाहणारच नाही. आणि वाहिलेच, तरी उघड्या वाळवंटातून हजारो किलोमीटर जाईपर्यंत उडून जाईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. जुलै १९६५ मध्ये 'मरिनर-४' यान मंगळाजवळून गेले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रांत विवरे होती, कालवे नव्हते. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी निघाला.

एका शाळामास्तराचा ग्रह

मराठी वाचकाची परग्रहाशी ओळख झाली ती भाषांतरातून. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे 'चंद्रलोकची सफर' हे रूप १९०० च्या सुमारास 'केरळकोकिळ' मासिकातून प्रसिद्ध झाले. त्या काळच्या बहुतेक कथांत प्रवास महत्त्वाचा असे. गाठलेल्या ठिकाणच्या हवापाण्याचा हिशेब कोणी फारसा मांडत नसे.

तो हिशेबच कथेचा कणा केला एका शिक्षकाने. हॅरी स्टब्स अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात शाळेत विज्ञान शिकवीत आणि 'हॅल क्लेमंट' या नावाने कथा लिहीत. हंस तारकासमूहातल्या '६१ सिग्नी' या जोडताऱ्याला गुरूच्या सोळा पट वस्तुमानाचा अदृश्य सोबती असावा, असे निरीक्षण १९४३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. (पुढे ते टिकले नाही.) त्यावरून त्यांनी 'मेस्क्लिन' नावाचा ग्रह रचला आणि १९५३ मध्ये त्यावर 'मिशन ऑफ ग्रॅव्हिटी' ही कादंबरी लिहिली. हा ग्रह सुमारे अठरा मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्या वेगामुळे तो भाकरीसारखा चपटा झाला आहे. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, तर ध्रुवावर सातशे पट. समुद्र मिथेनचे. तिथले प्राणी गोमेसारखे, हातभर लांबीचे आणि जमिनीला चिकटून राहणारे. ध्रुवाकडच्या प्राण्यांना उंचीची जबर भीती आहे, कारण तिथे वीतभर उंचीवरून पडणे म्हणजे मरण. गुरुत्वाकर्षणाचा एक आकडा बदलला आणि शरीर, घर, नौका, भीती हे सारे त्याच्या मागून बदलत गेले.

क्लेमंट यांनी आपली आकडेमोड एका लेखात उघड केली आणि वाचकांना चुका काढण्याचे आवाहन केले. पुढे काही विद्यार्थ्यांनी गणित पुन्हा केले. ग्रहाचा आकार थोडा वेगळा, कडेला धार असलेला व्हायला हवा आणि ध्रुवावरचे वजनही बरेच कमी भरेल, असे निघाले. क्लेमंट यांनी ते आनंदाने मान्य केले. वर्गात असे वातावरण तयार करणे किती अवघड असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईत बर्फ

मराठीत ही शिस्त ठसठशीतपणे आली ती डॉ. जयंत नारळीकर यांच्यामुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी लावली, की खरा लेखक सापडतो. नारळीकर पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक-संचालक म्हणून पुण्याला आले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या 'हिमप्रलय' कथेत परका ग्रह नाही. पृथ्वीच थंड होते आणि मुंबईत बर्फ पडते. वाचकाला आधी नवल वाटते आणि मग प्रश्न पडतो, की असे व्हायला काय काय घडावे लागेल? पुण्याचे उदाहरण घेऊ. पुण्यात नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश आहे, जानेवारी १९३५ मधले. गोठणबिंदूपासून हे फार दूर नाही. तरी स्वारगेटला बर्फ पडत नाही, कारण अशी थंडी पडते ती निरभ्र आकाशाच्या, कोरड्या रात्री. बाष्प असते तेव्हा थंडी नसते आणि थंडी असते तेव्हा बाष्प नसते. तेव्हा कथालेखकाने तापमान खाली आणणे पुरेसे नाही. त्याला वारेही फिरवावे लागतील.

धुळीने पृथ्वी थंड होते, हे काही कथेपुरते खरे नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्यातून वर गेलेल्या गंधकाच्या वायूपासून तयार झालेल्या कणांनी सूर्यप्रकाश अडवला. जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरेल, असे भाकीत जेम्स हॅन्सन यांच्या गटाने संगणकाच्या आधारे केले होते. ते खरे ठरले.

पांढरी आणि काळी फुले

आतापर्यंतच्या ग्रहांवर हवामान आधी ठरे आणि जीव त्याला जुळवून घेत. १९८३ मध्ये अँड्र्यू वॉटसन आणि जेम्स लव्हलॉक यांनी उलटी बाजू दाखवली. त्यांच्या ग्रहावर फक्त दोन प्रकारची डेझीची फुले आहेत, पांढरी आणि काळी. दोन्हींना साधारण साडेबावीस अंश तापमान मानवते. सूर्य हळूहळू प्रखर होत जातो. आरंभी थंडी असते तेव्हा काळी फुले ऊन शोषून आसपासची जागा ऊबदार करतात, त्यामुळे त्यांचीच वाढ होते आणि ग्रह तापू लागतो. पुढे ऊन वाढले, की प्रकाश परतवणारी पांढरी फुले जास्त पसरतात आणि ग्रह निवतो. कोणीही ठरवलेले नसताना तापमान दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहते. सूर्य फारच प्रखर झाला, की पांढरी फुलेही तग धरत नाहीत आणि तापमान एकदम उसळते.

हा ग्रह कोठेही नाही. पण झाडे हवामान घडवतात, आणि सांभाळण्याच्या त्यांच्या शक्तीला मर्यादा असते, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी क्वचितच दाखवले असेल.

पाषाणच्या संगणकातली पृथ्वी

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांच्या तोंडी अजून 'सिमला ऑफिस' आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण हवामानाचा अभ्यास पुण्यात रुजला. १९६२ मध्ये सुरू झालेली आणि आज पाषाणला असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था ही त्याचीच पुढची पायरी.

अशा संस्थांतून काल्पनिक ग्रह रोज तयार होतात, असे म्हटले तर आश्चर्य वाटू नये. हवा, समुद्र, जमीन यांची समीकरणे संगणकात घातली, की एक पृथ्वी तयार होते. मग तिच्यातली एखादी गोष्ट काढून पाहता येते. १९७५ मध्ये अमेरिकेत डग्लस हान आणि स्यूकुरो मानाबे यांनी पृथ्वीवरचे सगळे डोंगर काढून टाकले. हिमालय आणि तिबेट नसताना मान्सून भारतात आजच्याइतका उत्तरेपर्यंत पोचेना. मानाबे यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हवामानाच्या अशाच प्रतिकृतींसाठी. २०१८ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी पृथ्वी उलटी फिरवून पाहिली. त्या पृथ्वीवर सहारा हिरवा झाला आणि वाळवंटे ब्राझील व अमेरिकेच्या आग्नेय भागाकडे सरकली.

हा खेळ कशासाठी? आपण स्वतः एक कळ फिरवीत आहोत म्हणून. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर आहेत. स्वान्ते आऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागदावर हिशेब करून सांगितले होते, की हे प्रमाण दुप्पट झाले तर पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापेल. आजचा अंदाज सुमारे तीन अंशांचा आहे. दुप्पट कार्बनची पृथ्वी प्रत्यक्षात पाहून मग निर्णय घेण्याची सोय नाही. तिला आधी कल्पनेत, म्हणजे संगणकातच पाहावे लागते. पाषाणच्या संस्थेने तयार केलेली पृथ्वीची प्रतिकृती आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालासाठी वापरली गेली. भारतातून अशी ही पहिलीच.

तरीही नम्रता हवी. २६ सप्टेंबर २०२४ रोजी याच संस्थेचा 'अर्क' हा महासंगणक राष्ट्राला अर्पण झाला. त्याच दिवशी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी मेट्रोचेही उद्घाटन ठरले होते. जोरदार पावसामुळे पुण्यातला कार्यक्रम रद्द करावा लागला आणि मेट्रोचे उद्घाटन तीन दिवसांनी झाले. एका शहरावर एका संध्याकाळी किती पाऊस पडेल, हे सांगणे ग्रहाचे सरासरी तापमान सांगण्यापेक्षा अवघड आहे. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत, हेही मुलांना समजले पाहिजे.

वर्गासाठी

नववी-दहावीच्या वर्गात हा प्रयोग दोन-तीन तासिकांत होऊ शकतो. स्वारगेटचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. मेच्या मध्याला तिथे भर माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. टिळक रस्त्यावर, टिळक स्मारक मंदिरात असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या (स्थापना १९४४) हौशी संस्थांच्या मदतीने हे निरीक्षण करता येईल. मग मुलांनी गट करून एकेक कळ फिरवावी.

पहिला गट पृथ्वीच्या आसाचा कल शून्य करील. मग स्वारगेटला वर्षभर माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साडेएकाहत्तर अंशांवरच राहील. ऋतू नाहीत, आणि मान्सून म्हणजे ऋतूप्रमाणे दिशा बदलणारे वारे, तेव्हा मान्सूनही नाही. मग खरीप कोणते आणि रब्बी कोणते?

दुसरा गट ग्रह सूर्यापासून दहा टक्के दूर नेईल. मिळणारे ऊन सुमारे सतरा टक्क्यांनी घटेल. हवेचे पांघरूण नसेल तर पृथ्वीचे तापमान उणे १८ अंश येते. ते आता उणे ३० होईल. पांघरूण धरून आपल्या पृथ्वीची सरासरी १५ अंश आहे. नव्या ग्रहाला तेवढीच ऊब हवी, तर पांघरूण किती जाड लागेल? आणि बर्फ वाढून ऊन आणखी परतले तर?

तिसरा गट फक्त सह्याद्री काढून टाकील. पुण्याचा पाऊस वाढेल की कमी होईल, यावर वर्गात भांडण होईल. ते होऊ द्यावे. महाबळेश्वरला पाऊस पडतो तो हवा वर ढकलली जाते म्हणून. डोंगरच नसेल, तर ती कशाने वर जाईल?

शेवटी प्रत्येक गटाने आपल्या ग्रहावर एक झाड आणि एक प्राणी ठेवावा आणि त्याचा प्रत्येक अवयव हवामानाशी जोडून दाखवावा. ज्याचे कारण देता येणार नाही, तो अवयव खोडावा. निळे गवत ठेवायला हरकत नाही; ते निळे का, एवढे मात्र सांगता आले पाहिजे.